सीडी-रॉम ड्राइव्हची जोडणी (जुना पीसी)

१९९०च्या दशकातील आयबीएम-सुसंगत पीसीत सीडी वाचणारा ड्राइव्ह बसवून चालू करणे. सुरुवातीचे ड्राइव्ह सोनी, मित्सुमी, पॅनासॉनिक यांच्या आपापल्या जोडणीचे असत व बहुधा साउंड कार्डाला लावले जात. ‘अटापी’ नियमसंच आल्यावर ते हार्ड डिस्कसारखेच ४० पिनांच्या आयडीई जोडणीवर चालू लागले. पुढील माहिती अशाच ड्राइव्हची आहे.

जंपर : एका आयडीई केबलवर दोनच ड्राइव्ह चालतात. त्यांतला मास्टर कोण नि स्लेव्ह कोण, हे ड्राइव्हच्या पाठीवरची प्लॅस्टिकची इवलीशी टोपी ठरवते. ‘एमए’, ‘एसएल’, ‘सीएस’ यांपैकी योग्य खुणेच्या पिनांवर ती चिमट्याने बसवावी, आणि हे काम ड्राइव्ह कप्प्यात सरकवण्याआधी करावे. दोन्ही ड्राइव्ह मास्टर राहिले तर एक दिसेनासा होतो, कधी दोन्ही. ड्राइव्ह मेला असे ठरवण्याआधी जंपर पाहिलाच पाहिजे. ‘सीएस’वर ठेवल्यास केबलवरची जागाच क्रम ठरवते: ८० तारांच्या केबलचे निळे टोक मदरबोर्डला, काळे मास्टरला, मधले करडे स्लेव्हला.

केबल : तांबडी कड म्हणजे पिन १, ती सहसा वीजजोडणीच्या बाजूला येते. खाच नसलेली केबल उलटी बसू शकते. जोर लावल्यास पिन वाकते. वाकलेली पिन पेन-पेन्सिलच्या रिकाम्या टोकात घेऊन हलक्या हाताने सरळ करता येते. सीडी ड्राइव्ह हार्ड डिस्कच्याच केबलवर असला की डिस्क मंदावते, असे अनेक जण मानतात. जुन्या कंट्रोलरांबाबत ते खरे आहे, नंतरच्यांबाबत सरसकट म्हणता येत नाही. दुसरी केबल मोकळी असेल तर तीच वापरणे बरे.

वीज : चार तारा, पिवळी १२ व्होल्ट, तांबडी ५ व्होल्ट, दोन काळ्या अर्थ.

आवाज : गाण्यांची सीडी लावली, तबकडी फिरते, पण स्पीकर मुका, तर ड्राइव्हपासून साउंड कार्डापर्यंतची बारीक ऑडिओ वायर राहिलेली असते. फायली मात्र तिच्याविनाही वाचल्या जातात.

स्क्रू : बारीक आट्यांचे, एम३.

सॉफ्टवेअर : डॉसमध्ये दोन ठिकाणी नोंद लागते. कॉन्फिग.सिसमध्ये ड्राइव्हरची ओळ, तिच्यात ‘एमएससीडी००१’सारखे नाव, ऑटोएक्झेक.बॅटमध्ये एमएससीडेक्सची ओळ, तिच्यातही अक्षरशः तेच नाव. एका अक्षराचा फरक पडला तरी सीडीला ड्राइव्हचे अक्षर मिळत नाही. विंडोज ९५ सुरू झाल्यावर या ओळींची गरज सहसा उरत नाही. पण कोऱ्या डिस्कवर तेच विंडोज सीडीवरून चढवायचे तर फ्लॉपीवर त्या लागतातच. विंडोज ९८च्या स्टार्टअप फ्लॉपीत सर्वसाधारण ड्राइव्हर आयते आले. ती फ्लॉपी मेमरीत २ एमबीचा तात्पुरता ड्राइव्ह तयार करते, म्हणून सीडीचे अक्षर एकाने पुढे सरकते: नेहमीची ‘डी’ तिथे ‘ई’ होते. थेट सीडीवरून संगणक सुरू करण्याची ‘एल टोरिटो’ पद्धत फिनिक्स व आयबीएम यांनी १९९५ मध्ये मांडली. त्यासाठी बायॉसचीही साथ लागते.

सॅटा : आयडीईच्या जागी पुढे आलेल्या या जोडणीत एका केबलवर एकच ड्राइव्ह, मास्टर-स्लेव्ह जंपर नाही.