ओसाड द्वीपकल्पाचा प्रश्न : बेजोर, स्क्रीया आणि निर्वासित शेतकरी

विज्ञानसाहित्यातील शेतीप्रधान ग्रहाची कल्पना बहुधा दुय्यम दर्जाची मानली जाते. नायकाने जेथून बाहेर पडायचे, असे ते धुळकट, मागासलेले स्थळ असते. साम्राज्यांची युद्धे अन्यत्र घडतात आणि त्यांचे धान्य तेवढे येथे पिकते. ‘स्टार ट्रेक : डीप स्पेस नाइन’ या अमेरिकन दूरचित्रवाणी मालिकेतील बेजोर हा ग्रह या संकेताला छेद देतो. येथे शेतीला इतिहास आहे. सुमारे पन्नास वर्षे कार्डेशियनांच्या ताब्यात राहिलेला हा ग्रह नुकताच मुक्त झाला आहे. सरकार हंगामी आहे, जमीन नासलेली आहे आणि धान्याची टंचाई आहे. १९९३च्या नोव्हेंबरमध्ये प्रक्षेपित झालेल्या ‘सँक्च्युअरी’ या भागात याच ग्रहाच्या दाराशी तीस लाख निर्वासित येऊन उभे राहतात. दूरचित्रवाणीवरील एखाद्या भागाला ‘संहिता’ म्हणून इतक्या गांभीर्याने वाचावे काय, अशी शंका काहींना येईल. इतिहासाचे काही प्रश्न लोकप्रिय रूपबंधात अधिक उघडे पडतात, एवढेच तिचे उत्तर देऊन पुढे जातो.

कथानक थोडक्यात असे. हनीक नावाची स्त्री काही सोबत्यांसह अवकाशविवरातून अलीकडे येते. तिचे लोक, स्क्रीया, अनेक पिढ्या टी-रोगोरनांच्या गुलामीत होते. डॉमिनियन या नव्या सत्तेने त्या मालकांनाच जिंकले आणि त्या धुमाळीत स्क्रीया निसटले. ‘विश्वाच्या डोळ्या’पलीकडे केंटाना नावाची भूमी आपली वाट पाहत आहे, अशी त्यांची पुराणकथा सांगते. अवकाशविवर हाच तो डोळा आणि बेजोर हीच केंटाना, असा हनीकचा निर्णय होतो. ती ग्रहाच्या वायव्येचे ओसाड द्वीपकल्प मागते. बेजोरचे हंगामी सरकार नकार देते आणि त्यांच्यासाठी ड्रेलॉन २ हा दुसरा, सुपीक ग्रह सुचवला जातो.

संहितेचा आरंभ भाषेपासून होतो, ही गोष्ट समीक्षेच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. एरवी क्षणार्धात काम करणारे अनुवादयंत्र स्क्रीयांच्या बोलीपुढे बराच काळ निरुपाय होते. तोवर हातवारे, अन्न आणि संयम यांवर व्यवहार चालतो, आणि तो बरा चालतो. पुढे शब्द कळू लागतात. आता संवाद होईल आणि संवादातून सामंजस्य येईल, अशी आपली अपेक्षा असते, कारण उदारमतवादी कथनाचे ते आवडते गृहीतक आहे. येथे मात्र भाषा कळल्यानंतरच तक्रारी सुरू होतात. स्थानकावरचा दुकानदार निर्वासितांच्या अंगावरून झडणाऱ्या त्वचेबद्दल कुरकुरतो. अखेरीस नकारही अत्यंत सुबोध, सभ्य आणि आकडेवारीने युक्त भाषेत येतो. ज्याचे म्हणणे कळत नव्हते त्याला आसरा मिळाला. कळू लागले तेव्हा तो प्रश्न झाला.

दुसरा पेच मिथकांचा आहे. जे विवर स्क्रीयांना विश्वाचा डोळा वाटते, तेच बेजोरवासीयांचे स्वर्गीय मंदिर आहे. एकाच पवित्र स्थळावर दोन पुराणे हक्क सांगतात, परंतु त्यांपैकी एकाच्याच मागे सरकार आहे. हंगामी सरकारच्या बाजूने मंत्र्याबरोबर एक धर्मगुरूही बोलतो, ही योजना मला सहेतुक वाटते.

या भागाकडे १९९३ सालाचे रूपक म्हणून पाहण्याचा मोह होतो. त्या वर्षी बोस्नियात युद्ध चालू होते. जर्मनीने संविधानातील आश्रयाची तरतूद आकुंचित केली. हैतीच्या निर्वासितांना भर समुद्रातच अडवून परत पाठविण्यास अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मान्यता दिली. हे संदर्भ अप्रस्तुत नाहीत. पण एकास एक जुळणी करणारे वाचन संहितेचा मर्मबिंदू चुकवते. हनीकचा शेवटचा आक्षेप करुणेच्या अभावाबद्दल नाहीच. आम्ही शेतकरी आहोत आणि तुमच्या ग्रहावर दुष्काळ आहे. ते द्वीपकल्प आम्ही कदाचित पुन्हा हिरवे केले असते, असे ती सांगते. हे वाक्य सगळा हिशेबच उलटवते. सरकारच्या गणितात निर्वासित म्हणजे खाणारी तोंडे. पेरणारे हात त्यात धरलेलेच नाहीत.

भारतीय वाचकाला येथे दंडकारण्य आठवल्याशिवाय राहत नाही. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांसाठी १९५८मध्ये ओरिसातील कोरापुट व कालाहांडी आणि मध्य प्रदेशातील बस्तर या भागांत हा प्रकल्प सुरू झाला. खाडीच्या गाळात भात लावणाऱ्या माणसांना रुक्ष, डोंगराळ पठार ‘योग्य’ ठरविण्यात आले. ड्रेलॉन २ कागदावर सुपीक आहे आणि दंडकारण्य तसे नव्हते, हा भेद खरा; पण स्थळ निवडण्याचा अधिकार दोन्हीकडे निर्वासितांचा नव्हता. आपल्या गडचिरोली जिल्ह्यातही बंगाली निर्वासितांच्या वसाहती आहेत, हे विदर्भाबाहेरच्या मराठी वाचकाच्या सहसा ध्यानी नसते. १९७८मध्ये हजारो कुटुंबे दंडकारण्य सोडून सुंदरबनातील मरीचझापी बेटावर गेली. तेथे त्यांनी स्वतःच्या हिमतीवर शाळा आणि मासेमारीचा व्यवसाय उभा केला. जानेवारी १९७९मध्ये राज्य सरकारने बेटाची नाकेबंदी केली आणि मे महिन्यात बळाने बेट रिकामे केले. जमीन राखीव वनाची आहे, असे कारण होते. हनीकच्या वाक्यातले ‘कदाचित’ मरीचझापीला लागू पडत नाही. तेथे प्रयोग झाला होता आणि यशस्वी होऊ लागला होता. अमिताव घोष यांच्या ‘द हंग्री टाइड’ (२००४) या कादंबरीने हा प्रसंग इंग्रजी वाचकांपुढे आणला.

हीच तुलना उलट दिशेने नेली की ‘सँक्च्युअरी’ची उणीव दिसते. संहितेने द्वीपकल्प सोयीस्करपणे निर्मनुष्य ठेवले आहे. त्यामुळे बेजोरचा नकार निखळ भीतीतून आलेला ठरतो आणि प्रेक्षकाला बाजू घेणे सोपे जाते. दंडकारण्य निर्मनुष्य नव्हते. तेथे गोंड आणि इतर आदिवासी होते. ‘पडीक जमीन’ ही महसुली दप्तराची भाषा आहे; ज्यांची नावे त्या दप्तरात नाहीत, त्यांची जमीन पडीक ठरते. एका विस्थापिताला वसविताना दुसऱ्याला विस्थापित करावे लागते, हा पेच या भागाने टाळला.

आश्चर्य म्हणजे मालिकेला तो पेच ठाऊक होता. त्याच वर्षीच्या मे महिन्यातील ‘प्रोग्रेस’ या भागात बेजोरच्या एका चंद्रावरील वृद्ध शेतकरी ऊर्जाप्रकल्पासाठी जागा सोडण्यास नकार देतो, आणि जिने मुक्तिसंग्रामात आयुष्य घालविले ती कीराच सरकारच्या वतीने त्याचे घर पेटवून देते. ‘सँक्च्युअरी’मध्ये हनीकशी मैत्री जोडणारी आणि अखेरीस नकाराचे समर्थन करणारीही तीच. हनीकच्या मुलाचा मृत्यू बेजोरच्या विमानांच्या गोळीबारात होतो, तेव्हा तिच्यापाशी बोलण्यासारखे काही उरत नाही. पारतंत्र्याने तुम्हाला भित्रे आणि संशयी केले, हा हनीकचा ठपका म्हणून केवळ सरकारवर नाही. तो कीराच्या पूर्वायुष्यावर आहे.

१९९५च्या ‘शकार’ या भागात बेजोरच्या शेतीचा प्रश्न पुन्हा येतो. माती सुधारणारी यंत्रे डाहकूरच्या शेतकऱ्यांकडे राहावीत की निर्यातीची पिके काढण्यासाठी राकान्था प्रांतात न्यावीत, यावरून सरकार आणि जुने मुक्तिसैनिक शस्त्रे घेऊन समोरासमोर येतात. वाद मातीचाच आहे, तपशीलवार आहे. वायव्येचे द्वीपकल्प मात्र त्या वादात कोठेच येत नाही.