बक्षिसाच्या आधीचा पैसा

मैत्रिणींनो, गावातली भांडणं गावातच मिटावीत म्हणून सरकारने पैसा दिल्याचा इतिहास जुना नाही. 15 ऑगस्ट 2007 रोजी, आर. आर. पाटील गृहमंत्री असताना, महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. ग्रामसभेने समिती नेमायची, तंटे सामोपचाराने मिटवायचे, नवे होऊ द्यायचे नाहीत. तंटामुक्त ठरलेल्या गावाला बक्षीस.

पण बक्षीस मिळतं ते काम झाल्यावर. पोरांचे हात काठीकडे जाण्याआधी मैदान, व्यायामशाळा, वाचनालय लागतं. एकदा गुन्हा नोंदला की पोलीस भरतीच्या चारित्र्य पडताळणीत तो पुढे येतोच. आधी लागणारा पैसा ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात मागावा लागतो. ग्रामसभेआधी महिला सभा असते. पुसद तालुक्यातल्या आपण गटाच्या बायांनी तिथेच तो मागायचा.