छायाचित्रणाचा छंद व गांवाचा इतिहास

इतिहासाचीं साधनें कोणतीं असें कोणीं विचारल्यास बखरी, सनदा, ताम्रपट आणि शिलालेख यांचीं नांवें आपल्या तोंडीं सहज येतात. परंतु एखाद्या हौशी माणसानें कांहींएक विशेष प्रसंग नसतां, केवळ हातांत कॅमेरा आहे म्हणून काढलेलें साधें चित्र हेंहि इतिहासाचें साधन आहे, ही गोष्ट फारशी कोणाच्या लक्षांत येत नाहीं. आमच्या लक्षांत ती उशिरां आली. त्याची हकीकत वाचकांपुढें ठेवण्याचें योजिलें आहे.

आम्ही दारव्ह्यास राहतों. मूर्तिजापूरहून यवतमाळास जाणारी, ‘शकुंतला’ या लाडक्या नांवानें ओळखली जाणारी अरुंद रुळांची गाडी या गांवावरून जात असे. वऱ्हाडचा कापूस बाहेर नेण्यासाठीं विसाव्या शतकाच्या आरंभीं हा मार्ग झाला. १९९४ सालीं वाफेचें एंजिन जाऊन डिझेल आलें, आणि आतां कित्येक वर्षें गाडीच बंद आहे. गेल्या वर्षीं आमच्या कांहीं विद्यार्थ्यांनीं दारव्हा-मोतीबाग स्थानकाची माहिती जमविण्याचें मनांत घेतलें. एंजिनाचीं चित्रें पुष्कळ मिळालीं. तीं बहुतेक दूरदूरच्या शौकिनांनीं मुद्दाम येऊन काढलेलीं. परंतु तिकिटाच्या खिडकीपुढील रांग, फलाटावर गांठोडें उशाशीं घेऊन पडलेला उतारू, यांचें एकहि चित्र हातीं येईना. घरोघरचे अल्बम उघडले, तों त्यांत लग्नें, मुंजी, बदलीच्या वेळचे निरोपसमारंभ आणि हार घातलेल्या तसबिरी! एका विद्यार्थ्यानें आपल्या आजीस विचारलें, “आजोबा रोज या गाडीनें जात, मग त्यांचा येथला एकहि फोटो कसा नाहीं?” म्हातारी आमच्याकडे वळून म्हणाली, “रोजच्या गोष्टीचा फोटू कोन काढते, मास्तर?”

या उत्तरांत छायाचित्रणाच्या इतिहासाचें अर्धें मर्म आहे. तें उमजण्यासाठीं थोडें मागें जावें लागतें. फ्रान्समध्यें १८३९ सालीं ही विद्या जगजाहीर झाली व पंधराच वर्षांनीं, म्हणजे १८५४ सालीं, मुंबईंत ‘फोटोग्राफिक सोसायटी’ निघाली. पुढच्याच वर्षीं एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्यें छायाचित्रणाचा वर्ग निघाला. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधु डॉ. नारायण दाजी व हरिश्चंद्र चिंतामण हे या विद्येंत नांव मिळविणारे आरंभींचे आपले लोक होत. १८५६ पासून मुंबईंत निघूं लागलेल्या छायाचित्रांच्या मासिक संग्रहाच्या नांवांतच ‘हौशी’ माणसाचा निर्देश होता. परंतु ती हौस सोपी नव्हती. कांचेवर द्रव ओतावयाचा, ती ओली असतांनाच कॅमेऱ्यांत घालावयाची व वाळण्यापूर्वीं धुवावयाची. तोंवर समोरच्यानें पापणीहि लववूं नये! इतक्या खटाटोपानें जें चित्र निघावयाचें, तें राजाचें, देवळाचें किंवा वरातीचें असावें यांत नवल तें काय?

पण रोजच्या गोष्टीची किंमत ओळखणारा एक पुरुष आपल्यांत होऊन गेला. बडोद्याच्या कलाभवनांत शिकलेले व गोध्र्यास कांहीं काळ छायाचित्रकाराचा धंदा केलेले दादासाहेब फाळके यांनीं ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट काढण्यापूर्वीं, १९१२ सालीं, कुंडींत वाटाणा पेरला आणि त्याच्या रोपाचीं चित्रें दिवसामागून दिवस घेतलीं. तीं सलग पडद्यावर दाखवितांच रोप डोळ्यांदेखत वाढूं लागलें. रोज पाहणाऱ्याला जी वाढ दिसत नाहीं, ती रोज टिपणाऱ्याला दिसते. गांवाचेंहि असेंच आहे.

पुढें साधनें स्वस्त झालीं. अमेरिकेंत १९०० सालीं एक डॉलर किंमतीचा ‘ब्राउनी’ नांवाचा पेटीवजा कॅमेरा निघाला. आपल्याकडे मध्यम वर्गाच्या घरांत कॅमेरा शिरला तो विशेषेंकरून बडोद्यास तयार होणाऱ्या ‘आग्फा क्लिक थ्री’ या रूपानें. एका फिल्मवर बारा चौकोनी चित्रें. पाठीमागच्या तांबड्या खिडकींतून आंकडा पाहून किल्ली फिरवावयाची. पुढें उटकमंडास सरकारी कारखान्यांत ‘इंदु’ फिल्महि होऊं लागली. परंतु बारांतली एकेक जागा मोलाची. ती रोजच्या दिवसावर कोण खर्च करणार?

आतां हे कॅमेरे छांदिष्टांच्या कपाटांत जाऊन बसले आहेत. मुंबईचे छायाचित्रकार दिलीश पारेख यांनीं १९७७ पासून जमविलेल्या ४,४२५ कॅमेऱ्यांची नोंद गिनेसच्या पुस्तकांत झाली. आमचा संग्रह अवघा एकवीस कॅमेऱ्यांचा. पण त्याचा अभिमान आम्हांस कांहीं कमी नव्हता. एके दिवशीं आठवडी बाजारांत भंगारवाल्याकडे एक ‘क्लिक थ्री’ मिळाला. तांबड्या खिडकींत सातचा आंकडा दिसत होता. म्हणजे फिल्म आंतच होती! यवतमाळच्या एका वृद्ध फोटोवाल्यानें ती धुऊन दिली. बहुतेक जागा काळवंडल्या होत्या. दोनच चित्रें उमटलीं. एकांत ओट्यावर बसून कंदिलाची कांच पुसणारी बाई. दुसऱ्यांत सायकलीवर चढलेला मुलगा, व त्याच्या मागें कापसानें भरलेली बैलगाडी.

विद्यार्थी जें महिनेमहिने शोधीत होते, त्या जातीचीं हीं चित्रें. आम्ही तीं गांवांत पुष्कळांस दाखविलीं. परंतु बाई कोण, मुलगा कोण, ओटा कोठला, साल कोणतें, हें कोणासहि सांगतां आलें नाहीं. भंगारवाल्यास विचारलें, तर कॅमेरा कोणत्या घरून आला हें तोहि विसरला होता. त्या रात्रीं आम्ही आपलें कपाट उघडलें. प्रत्येक कॅमेऱ्याचें भिंग व घडण आम्हांस मुखोद्गत. पण एकाहि कॅमेऱ्याच्या धन्याचें नांव सांगतां येईना. इतिहास शिकविण्यांत आयुष्य घालविलेल्या माणसानें यंत्रें तेवढीं जपावीं आणि माणसें हरवूं द्यावीं, याहून लाजिरवाणें तें काय!

आज प्रत्येकाच्या खिशांत कॅमेरा आहे, तेव्हां ही काळजी व्यर्थ आहे असें कोणी म्हणेल. आम्हांस तसें वाटत नाहीं. चित्रें असंख्य झालीं, पण जुना फोन बिघडला कीं हजारों चित्रें एका क्षणांत नाहींशीं होतात. आणि जीं उरतात, त्यांवर नांवनिशाणी नसल्यामुळें पन्नास वर्षांनीं त्यांची गतहि त्या ओट्यावरच्या बाईसारखीच होणार. म्हणून वाचकांस आमची एवढीच विनंती आहे: घरांतील जुन्या निगेटिव्ह रद्दींत घालूं नका, वडील माणसें आहेत तोंवर त्यांच्याकडून चित्रांतील माणसांचीं नांवें विचारून पाठीमागें शिसपेन्सिलीनें लिहून ठेवा, आणि अधूनमधून कांहीं कारण नसतां आपल्या गल्लीचें, दुकानाचें, स्वयंपाकघराचें एखादें चित्र कागदावर उतरवून घ्या.

आम्हीहि आतां नियम केला आहे. कॅमेरा घेतांना किंमतीच्या आधीं, तो कोणाचा होता, हें विचारावयाचें. बाविसाव्या कॅमेऱ्याबरोबर आमच्या वहींत पहिलें नांव चढलें आहे. तीं दोन चित्रें मात्र टेबलावर कांचेखालीं ठेवलीं आहेत, येणाऱ्याजाणाऱ्यास आम्ही अजून विचारतों, “हा मुलगा ओळखतां का?”