पान पिवळं का पडतं?

कॅनडातल्या बहुतेक प्रांतांत २०१८ पासून घरात गांजाची चार झाडं वाढवायला कायद्याची परवानगी आहे. ही झाडं अनेकदा कपाटाएवढ्या तंबूत, एलईडी दिव्यांखाली वाढतात. तिथे ना पाऊस, ना गांडुळं. झाड जे खातं ते माणसाने बाटलीतून मोजून दिलेलं. मग एका सकाळी पानं पिवळी दिसतात. नवशिक्या खताचा डोस वाढवतो. चार दिवसांनी पानांची टोकं करपतात आणि तो घाबरून आणखी एक बाटली आणतो.

आपल्याकडे अशी लागवड १९८५च्या एनडीपीएस कायद्याखाली गुन्हा आहे. त्यामुळे आपण हाच प्रकार मिरचीवर किंवा बाल्कनीतल्या गुलाबावर करतो. समजूत तीच असते: पिवळं म्हणजे उपाशी, आणि उपाशी म्हणजे आणखी वाढा.

या समजुतीने भल्याभल्यांना फसवलंय. झाड नेमकं काय खातं, हेच मुळात माणसाला फार उशिरा कळलं. व्हॅन हेल्मोंटने पाच पौंडांचं विलोचं रोप २०० पौंड मातीत लावलं आणि पाच वर्षं नुसतं पाणी घातलं. झाड १६९ पौंडांचं झालं, माती जेमतेम दोन औंस घटली. त्याने निष्कर्ष काढला की झाड पाण्याचंच बनतं. त्या दोन औंसांकडे त्याने दुर्लक्ष केलं. आपली सगळी गोष्ट त्या दोन औंसांचीच आहे.

१८४० साली युस्टुस फॉन लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने ठासून मांडलं की झाडाला जमिनीतून खनिजं लागतात, आणि जे सर्वात कमी असेल तेच वाढ रोखून धरतं. दुसरा मुद्दा त्याच्याआधी कार्ल श्प्रेंगेलने सांगितला होता, पण नाव झालं लीबिगचं. १८४५मध्ये त्याने स्वतःचं पेटंट खत बाजारात आणलं आणि ते सपशेल फसलं. नत्र झाडाला हवेतून मिळेल, असं त्याने गृहीत धरलं होतं. शिवाय पावसाने क्षार वाहून जातील या भीतीने त्याने ते वितळवून असे घट्ट केले की पाण्यात सहज विरघळेनात. अन्न मुळापाशी होतं, पण मुळाला ते घेता येत नव्हतं. पुढे त्याने ही चूक कबूल केली.

त्यानंतर युलियस साक्स आणि विल्हेल्म क्नोप यांनी १८६०च्या सुमारास मातीच काढून टाकली. बरणीत पाणी, पाण्यात मोजून क्षार, वर रोप. मग एकेक क्षार वगळायचा आणि पानं बघत बसायचं. लोह वगळलं की कोवळी पानं फिकट पडत. लोहाचे क्षार पानावर लावले की ती पुन्हा हिरवी होतात, हे फ्रान्समध्ये यूझेब ग्रीने १८४०च्या दशकातच दाखवलं होतं. आज तंबूत वाढवणारे लोक मोबाइलवर लक्षणांचे जे तक्ते बघतात, त्यांचं मूळ या बरण्यांत आहे.

या बरण्यांनी फसवलंही. क्षार पुरेसे शुद्ध नव्हते. त्यांतल्या भेसळीतून बोरॉन, जस्त, तांबं झाडाला नकळत मिळत होतं, म्हणून त्यांची गरज कुणाच्या लक्षातच आली नाही. बोरॉनची गरज १९२३मध्ये कॅथरीन वॉरिंग्टनने घेवड्याच्या जातीच्या पिकावर सिद्ध केली. मॉलिब्डेनम १९३९मध्ये कळलं, निकेल तर थेट १९८७मध्ये. दरम्यान १९३८ साली कॅलिफोर्नियात होगलंड आणि आर्नन यांनी पाण्यातल्या शेतीवर एक छोटी पुस्तिका काढली. त्या काळी हायड्रोपोनिक्सबद्दल अफाट दावे चालले होते. या दोघांनी शांतपणे सांगितलं की यात जादू काही नाही. त्यांचं द्रावण मात्र आजही प्रयोगशाळांत वापरात आहे.

या सगळ्यातून निदानाचा पहिला नियम मिळाला: रंगाआधी जागा बघा. घरात धान्य कमी पडलं की आजी आपल्या ताटातलं नातवंडांना वाढते. नत्र, पालाश, मॅग्नेशियम यांच्या बाबतीत झाड तेच करतं. जुन्या पानांतून काढून नव्याला देतं, म्हणून खालची पानं आधी उतरतात. लोह आणि कॅल्शियम एकदा पानात बसले की सहसा हलत नाहीत, म्हणून तिथे शेंडा आधी आजारी पडतो. शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा हे चित्र मॅग्नेशियम आणि लोह दोन्हींत दिसतं. फरक एवढाच की मॅग्नेशियमचं खाली, लोहाचं वर.

दुसरा नियम लीबिगच्या खताने शिकवला: असणं वेगळं, मिळणं वेगळं. पाण्यावर वाढणाऱ्या गांजाला साधारण ५.५ ते ६.५ सामू मानवतो. तो वर गेला की लोह पाण्यात असूनही मुळाला मिळत नाही. अशा वेळी खत वाढवणं म्हणजे कुलूप लावलेल्या कोठारात आणखी पोती टाकणं. १९५१मध्ये जेकबसनने ईडीटीएत बांधलेलं लोह वापरून द्रावणातलं लोह टिकवायचा मार्ग दाखवला. पण सामू मोजणं त्यानेही सुटत नाही.

हे आपल्या शेतकऱ्याला परकं नाही. चुनखडीच्या जमिनीत ऊस पिवळा पांढरा पडतो, त्याला आपण केवडा म्हणतो. जमिनीत लोह असतं, चुना ते मिळू देत नाही. उपाय म्हणजे हिराकसाची फवारणी. पण काकडीवरच्या केवड्याला तीच फवारणी केली तर पैसे वाया, कारण तो बुरशीसारख्या जंतूचा रोग. नाव एक, दुखणी दोन.

पंतनगरला यशवंत लक्ष्मण नेने यांच्यासमोर हाच पेच होता. तराईतल्या भाताची पानं कातासारखी तांबूस होत, वाढ खुंटे. लोक त्याला खैरा म्हणत. नेने वनस्पतिरोगतज्ज्ञ. अशा माणसाने जंतू शोधावा, हीच अपेक्षा. पण १९६६मध्ये त्यांनी मांडलं की हा रोग जंतूचा नाहीच, जस्ताच्या कमतरतेचा आहे. हेक्टरी पाच किलो झिंक सल्फेट आणि अडीच किलो विरलेला चुना हजार लिटर पाण्यातून फवारायचा, हा उपाय आजही सांगितला जातो. आपल्या विषयाबाहेरचं उत्तर स्वीकारायची त्यांची तयारी होती, म्हणून कितीतरी शेतकऱ्यांचा भात वाचला.

तेव्हा झाड तंबूतलं असो की कुंडीतलं, पान पिवळं दिसलं की बाटली उघडायच्या आधी थांबायचं. कोणतं पान, जुनं की नवं? मुळाशी पाणी साचलंय का? सामू किती? गेल्या आठवड्यात आपण काय बदललं? मग एकच गोष्ट बदलायची आणि आठवडाभर वाट बघायची. जुनं करपलेलं पान पुन्हा हिरवं होईल ही आशा ठेवायची नाही. निदान बरोबर होतं की नाही, हे पुढचं कोवळं पान सांगतं.