पांझरेकाठचे धुळे आणि रुळांकाठचे जळगाव

गाव कोठे वसले आहे असे कोणी विचारले, म्हणजे आपण एखाद्या नदीचे वा जिल्ह्याचे नाव सांगून मोकळे होतो. वस्तुतः या एका प्रश्नाच्या पोटी दोन प्रश्न आहेत. गावाच्या पायाखालची भूमी कशी, पाणी जवळ आहे काय, पुराचे भय किती, हा पहिला. त्यास ‘जागा’ म्हणावे. ते गाव इतर गावांशी, घाटांशी व पेठांशी कोणत्या वाटांनी जोडले आहे, हा दुसरा. त्यास ‘स्थिती’ म्हणावे. जागा सहसा बदलत नाही. स्थिती मात्र मनुष्याच्या उद्योगाने पालटते, आणि तिच्याबरोबर गावाचे दैवही पालटते. खानदेशचा इतिहास याची उत्तम साक्ष देतो.

उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस सातमाळा-अजिंठ्याची रांग आणि पश्चिमेस सह्याद्री, यांच्या मधले तापीचे खोरे म्हणजे खानदेश. जमीन काळी व सपाट. म्हणून पीकही मुबलक आणि प्रवासही सुगम. फारुकी सुलतानांच्या अमदानीत या प्रांताचे केंद्र बऱ्हाणपूर होते. 1601 साली अकबराने आशिरगड घेतला, तरी सुरतेहून आग्र्यास जाणाऱ्या व्यापाऱ्यांमुळे त्या शहराची भरभराट टिकून राहिली. इकडे धरणगाव कापडाच्या व्यापाराने इतके नावाजले की, 17व्या शतकात इंग्रज कंपनीने तेथे वखार घातली.

1818 साली पेशवाई बुडाली व खानदेश कंपनीच्या हाती गेला. कॅप्टन जॉन ब्रिग्ज यांनी 1819 साली कारभाराचे ठाणे म्हणून धुळ्याची निवड केली. तेव्हा तेथील वस्ती अवघी अडीच हजारांच्या आसपास होती. परंतु पांझरेचे पाणी पाटांनी खेळविलेले होते, आणि दक्षिणेतून हिंदुस्थानाकडे जाणारा हमरस्ता तेथूनच जात होता. जागा व स्थिती दोन्ही अनुकूल! कचेऱ्या आल्या, मागोमाग कारागीर व व्यापारी आले, आणि सरळ गल्ल्यांची नवी पेठ वसली. आजही धुळ्याच्या गल्ल्या क्रमांकाने ओळखल्या जातात. तथापि नदीकाठच्या जागेचे मोलही द्यावे लागते; 1872 च्या पुराने या शहराची मोठी हानी केली.

जळगावची कथा निराळी. गावास लागून गिरणेसारखी नदी नाही की मोठा किल्ला नाही. पण 1860 नंतरच्या दशकात मुंबईहून भुसावळकडे जाणारा लोहमार्ग तेथून गेला. त्याच सुमारास, 1861 ते 1865 या काळात, अमेरिकेत यादवी युद्ध पेटले; तेथला कापूस विलायतेस पोहोचेना, आणि खानदेशच्या कापसास सोन्याचा भाव आला. युद्ध संपताच भाव कोसळले व जळगावच्या पेठेस जबर धक्का बसला; परंतु रूळ जागच्या जागी होते. पुढील दशकात तेथे कापडाची गिरणी निघाली, आणि 1906 साली खानदेशचे दोन जिल्हे झाले तेव्हा पूर्वेचे ठाणे जळगावास मिळाले. जुन्या नावलौकिकाचे धरणगाव जागचे हलले नव्हते. मुख्य वाट तेवढी त्याच्यापासून हलली होती.

धुळ्यास 1900 साली चाळीसगावहून रेल्वेचा फाटा मिळाला, पण मुख्य मार्ग तो नव्हेच. पुढे मोटारींचा काळ आला आणि जुन्या हमरस्त्याचे दिवस फिरले. आज मुंबई-आग्रा व सुरत-नागपूर हे महामार्ग धुळ्यापाशीच एकमेकांस छेदतात. 2011 च्या जनगणनेत जळगावची लोकसंख्या सुमारे 4 लाख 60 हजार, तर धुळ्याची सुमारे पावणेचार लाख भरली.

आता जागेचा प्रश्न पुन्हा दारी उभा आहे. जळगाव वाघूर धरणाचे पाणी पिते. धुळ्यास पांझरेचा काठ पुरेना, म्हणून तापीवरून नळ आणावा लागला. वाटेने वाढलेले शहर वाटेवर तहान भागवू शकत नाही. ते दूरच्या खोऱ्यातले पाणी मागून घेते. त्या पाण्यावर शेतकऱ्याचाही हक्क आहे, याचे स्मरण नळाची तोटी उघडताना नागरिकाने ठेवले, तर भूगोलाचा हा धडा त्यास खरा समजला असे म्हणता येईल.