पोतोसी
बोलिव्हियातील रुप्याच्या खाणींचे ऐतिहासिक शहर. समुद्रसपाटीपासून सुमारे ४,००० मी. उंचीवरच्या या ओसाड माळावर १५४५ मध्ये सेरो रिको डोंगरात रुपे सापडले आणि वस्ती उभी राहिली. शहराच्या भरभराटीचे श्रेय सहसा डोंगराच्या श्रीमंतीला दिले जाते. ते अपुरे आहे. वाऱ्यावर पेटणाऱ्या देशी भट्ट्यांत वितळण्याजोगे कसदार धातुक दोन दशकांतच सरत आले आणि उत्पादन घसरले. व्हाइसरॉय फ्रान्सिस्को दे तोलेदो याने १५७२ नंतर धातुक दळून पाऱ्याने रुपे वेगळे करण्याची रीत रुजवली, गिरण्यांसाठी तलाव बांधवले आणि ‘मिता’ ही इंकाकालीन वेठ नव्याने लादून दरवर्षी तेरा हजारांहून अधिक आदिवासी पुरुष येथे आणवले. सतराव्या शतकाच्या आरंभी लोकसंख्या लाखावर गेली, ती यानंतरच.

खाणींत स्वखुशीचे मजूरही पुष्कळ होते, म्हणून वेठीचे महत्त्व कमी लेखावे, असा आक्षेप घेतला जातो. मात्र ओझी वाहण्याचे सर्वांत जीवघेणे काम मुख्यतः वेठकऱ्यांच्याच माथी होते, आणि वेठ चुकवण्यासाठी त्यांनी भरलेल्या पैशांतूनच कित्येकदा स्वखुशीच्या मजुरांची मजुरी भागवली जाई. अशा श्रमांतून निघालेले पोतोसीचे रुपे दूरवर पोहोचले; सुरतेच्या टांकसाळीत वितळवून ज्यांचे रुपये पाडले गेले, त्या स्पॅनिश नाण्यांतही ते होते.