एकाच रसातले दोन परके

दुधाची पिशवी आणि धान्याचं विणलेलं पोतं, दोन्ही आपल्या लेखी ‘प्लास्टिक’च. पिशवी पॉलिथिलीनची, पोतं पॉलिप्रॉपिलीनचं. पहिलं १९३३ साली इंग्लंडमध्ये अपघातानंच हाती लागलं. दुसऱ्याचा स्फटिकी प्रकार १९५४ साली मिलानमध्ये जुलिओ नात्ता यांनी बनवला. दोन्ही निव्वळ कार्बन आणि हायड्रोजनची, म्हणजे चुलतभाऊच. भंगारातलं हे दोन्ही वितळवून ढवळलं तर एकजीव व्हायला हवं. होत नाही! निवलेला माल ठिसूळ निघतो, म्हणून आधी निवडत बसावं लागतं.

याचं मूळ कारण १९४१-४२च्या सुमारास अमेरिकेत पॉल फ्लोरी आणि मॉरिस हगिन्स यांनी आपापल्या गणितातून दाखवलं. टोपलीत मोगऱ्याची आणि अबोलीची सुटी फुलं हलवली की सहज मिसळतात. विखुरण्याच्या तऱ्हाच असंख्य. पण तीच फुलं लांबलचक गजऱ्यांत ओवलेली असली तर? प्रत्येक फूल शेजारच्या फुलाला बांधलेलं, मिसळून मिळणारी मोकळीक फारच थोडी. पॉलिमर म्हणजे हजारो कड्यांचा गजराच. मग दोघांत किंचितशी नावड असली तरी पुरते. वितळलेल्या रसातच ते वेगवेगळे थेंब करून राहतात.

निवताना दुरावा आणखी वाढतो. १९५७ साली ब्रिस्टलमध्ये अँड्र्यू केलर यांनी पॉलिथिलीनचे स्फटिक तपासले. जाडी मिलिमीटरच्या सुमारे एक लाखाव्या भागाएवढी, साखळ्या मात्र कितीतरी लांब, आणि त्याही जाडीच्या दिशेनं उभ्या! म्हणजे साडीसारख्या घड्या पडत असणार. इतक्या व्यवस्थित घड्या फ्लोरींना मात्र कधीच पटल्या नाहीत, आणि हा वाद पुढं वर्षानुवर्षं चालला. मिश्रणात प्रत्येक जण आपल्याच जातीच्या घडीत शिरतो. सीमेपलीकडे धागा क्वचितच जातो. माल तुटतो तो तिथंच.

२०१७ साली कॉर्नेल विद्यापीठाचे जेफ्री कोट्स आणि मिनेसोटाचे फ्रँक बेट्स यांच्या गटांनी एकाच साखळीत दोन्ही प्लास्टिकचे आळीपाळीनं चार तुकडे जोडले. निवताना प्रत्येक तुकडा आपल्या भाऊबंदांच्या स्फटिकात अडकतो आणि सीमा टाचली जाते. मिश्रणात हा पदार्थ अगदी थोडा घातला तरी ठिसूळपणा जातो. त्यांनी दोन्ही प्लास्टिकच्या पट्ट्या याच पदार्थानं सांधून ओढून पाहिल्या. सांधा टिकला, पट्टीच तुटली.